मुचकुंदाची रजा

पाठ ताठ, हातात पेन, समोर उघडी फाइल आणि डोळे मिटलेले, अशा अवस्थेत झोपणं ही कला आहे आणि ती मला येते. गाणं, पोहणं, फाडफाड इंग्रजी यांतलं काहीच न जमल्यामुळे सगळी उमेद मी या एकाच कलेवर खर्च केली. डावा कोपर टेबलावर, तळहात कपाळाला, उजव्या हातातल्या पेनाचं टोक आकड्यांच्या रकान्यावर. चष्मा किंचित खाली ओढलेला, म्हणजे समोरच्याला काचेत खिडकी दिसते, आपले डोळे दिसत नाहीत. मान पुढे झुकली की हौशी माणूस दचकतो आणि पकडला जातो. जाणकार ती मान तशीच आणखी खाली नेतो आणि बेरीज तपासल्यासारखं पान उलटतो. नवख्यांनी बॉलपेन वापरावं. शाईपेन कागदावर टेकून राहिलं की डाग पसरतो, आणि डाग केवढा झाला त्यावरून डुलकी किती लांबली ते कोणालाही कळतं.

या कलेचा कस लागला तो झाशी छावणीत. बदली होऊन मी तिथल्या एका हिशेबाच्या कचेरीत रुजू झालो. कचेरीचं नाव सांगत नाही, पेन्शनचे कागद अजून त्यांच्याच ताब्यात आहेत. मे महिन्यात पारा 45 च्या वर, बाहेर लू, आत कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. अशा वेळी जागा राहील तो माणूस नव्हे. शिवाय दुपारी दोन ते चारच्या सुमारास शरीराचं घड्याळच मंदावतं, जेवण झालेलं नसलं तरी, असं झोपेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे माझ्या आलू-पुऱ्या निर्दोष होत्या.

पण झाशीत मराठी माणसाला झोपेची सोय नाही. तिथल्या गणेश मंदिरात 1842 साली राणीचं लग्न लागलं आणि त्या लग्नाचा मान गाव अजून आम्हा सगळ्यांना देतं. ‘‘आप तो रानी साहिबा के यहाँ के हैं,’’ असं पानवालासुद्धा म्हणतो. मग आपलाही एखादा घोडा बाहेर बांधलेला असावा, अशा थाटात मी पान लावून घेई आणि कचेरीत येऊन झोपे. राणी कमी पडली तर ध्यानचंद होतेच. फौजेतला साधा शिपाई, दिवसाची ड्युटी संपल्यावर चांदण्यात हॉकीचा सराव करी आणि पुढे मेजर ध्यानचंद झाला. बडे बाबू ही गोष्ट नेमकी मला सांगत, तीही नेमकी तीन वाजता.

त्यात भिंतीपलीकडे फौज. माझ्या खिडकीतून फाटकावरचा संतरी दिसायचा. 1950 च्या आर्मी अॅक्टच्या कलम 36 प्रमाणे पहाऱ्यावर झोपलेल्या संतरीला शांततेच्या काळातसुद्धा 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मोहिमेवर असला तर 14. मी रोज त्याच्याकडे बघत डोळे मिटायचो. देश सुरक्षित हातांत आहे, या खात्रीने झोप चांगली लागते.

छावणीचा विषय निघाला की मला मुचकुंद आठवतो. त्याच्याविषयी मला थोडं बोलू द्या, कारण माझ्या मते पुराणांत त्याच्याइतका समजूतदार नोकरदार दुसरा नाही. मांधात्याचा हा मुलगा देवांचा सेनापती झाला आणि देवांसाठी असुरांशी लढत राहिला. वर्षानुवर्षं डोळ्याला डोळा नाही. रजेचा अर्ज केला असेल, पण इंद्राच्या कचेरीत त्यावर ‘पर्यायी व्यवस्था झाल्यावर विचार करू’ असा शेरा पडला असणार. शेवटी कार्तिकेय सेनापती झाला, म्हणजे आपल्या भाषेत रिलीव्हर आला. तोवर पृथ्वीवर इतका काळ लोटला होता की मुचकुंदाची बायकामुलं, राज्य, ओळखीचा एकही माणूस उरला नव्हता. देव म्हणाले, मोक्ष सोडून काहीही माग. आपण असतो तर थकबाकी मागितली असती. त्याने झोप मागितली, आणि जो आपल्याला उठवेल तो भस्म व्हावा, अशी अटही घालून घेतली. सेवाशर्तींचा इतका पक्का मसुदा नंतर कोणत्याही युनियनला करता आलेला नाही. मग तो गुहेत जाऊन झोपला. पुढे कालयवन श्रीकृष्णाच्या मागे धावत त्या गुहेत शिरला आणि झोपलेला माणूस श्रीकृष्णच, असं समजून त्याने लाथ घातली. चौकशी न करता झोपलेल्यावर कारवाई करणारा तो पहिला तपासणी अधिकारी. जागच्या जागी राख झाला. ही गुहा आपल्याकडचीच, असं धौलपूरवाले सांगतात. तिथे मचकुंड नावाचं तीर्थच आहे. झाशीहून आग्र्याला जाताना धौलपूर लागतं, तेव्हा मी खिडकीतून हात जोडतो. सहप्रवाशांना वाटतं, भाविक आहे. मी फक्त सिनियरला नमस्कार करत असतो.

मला मात्र असा वर नव्हता. मला मेमो मिळाला. केंद्र सरकारच्या 1964 च्या आचरण नियमांतला नियम 3 दाखवून मला कर्तव्यनिष्ठेची आठवण करून देण्यात आली होती. त्याचं दुःख नाही. दुःख पुढच्या ओळीचं. मी ‘तोंड उघडे ठेवून’ झोपलेला आढळलो, असं तिथे लिहिलं होतं! सगळी साधना एका ओळीत धुळीला मिळाली. उत्तरात मी झोपेबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त तोंडाबद्दल दोन पानं लिहिली.

इतकी वर्षं कोणाला कळलं नाही आणि त्याच दिवशी कसं कळलं, याचा उलगडा चाचाकडून झाला. चाचा म्हणजे आमचा चपरासी. दाराबाहेर स्टुलावर बसायचा आणि फार खोकायचा. मी त्याला अडुळशाचं औषधही आणून दिलं होतं. मेमोच्या दिवशी तो सुटीवर होता. परत आल्यावर ओशाळून म्हणाला, ‘‘बाबूजी, खाँसी तो आप ही के लिए थी.’’ साहेब वऱ्हांड्याला वळले की तो खोकायचा आणि मी पान उलटायचो. माझी कला म्हणजे त्याचा घसा होता.

हा चाचा रात्री एका गोदामावर राखणदारी करायचा. दोन मुली लग्नाच्या होत्या. दुपारी स्टुलावर त्याचा डोळा लागे, आणि त्याच्यासाठी खोकायला कोणी नव्हतं. मला बंद लिफाफ्यात मेमो आला. त्याला भर वऱ्हांड्यात, सगळ्यांदेखत झापलं जाई. साहेबांचे स्वतःचे डोळे जेवणानंतर मिटत तेव्हा दारावरचा दिवा लाल व्हायचा आणि ते ‘फाइल वाचत आहेत’ असं आम्ही सांगायचो.

झाशी रेल्वेचं मोठं जंक्शन, शेजारीपाजारी निम्मे लोको पायलट. त्यांच्या इंजिनात एक यंत्र असतं. मिनिटभर कशालाच हात लावला नाही की दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो, तरीही बटण दाबलं नाही की ब्रेक लागतो. माणूस जागा आहे का, एवढंच ते विचारतं. त्याची ही सलग कितवी रात्रपाळी, हे विचारत नाही. दोनपेक्षा जास्त रात्री सलग नकोत, ही मागणी लोको पायलट करतच आले आहेत. मे 2024 मध्ये इटावाजवळच्या उदी मोड स्थानकावर स्टेशनमास्तरांचा डोळा लागला आणि पाटणा-कोटा एक्सप्रेस सिग्नलसाठी भोंगे वाजवत अर्धा तास उभी राहिली. देशभर हसू झालं, मीही हसलो. जोडीचा पॉइंट्समन रुळांची पाहणी करायला गेल्यामुळे आपण एकटेच होतो, हे त्यांचं म्हणणं बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात होतं. तिथपर्यंत फार थोडे वाचतात.

माझ्या डुलकीने फार तर एखादी बेरीज चुकते. ज्यांच्या डुलकीने माणसं मरू शकतात, त्यांचीच झोप आपण सर्वांत आधी कापतो आणि मग कलमं शोधतो. म्हणून मेमो लिहिणाऱ्या तमाम साहेबलोकांना एकच विनंती: समोरचा झोपलेला दिसला तर आधी त्याचा ड्युटी-चार्ट मागवा, मग लेटरहेड. आणि त्याचं तोंड उघडं होतं की मिटलेलं, हे कृपा करून लिहू नका.