ज्यांना भाजत नाही

गायवान म्हणजे झाकण, वाटी आणि बशी असं तीन भागांचं चिनी भांडं. बशी चहा ओतून फुरके मारायला नसते, वाटी धरायला असते. सछ्वान प्रांतातल्या छंगतू शहरात लोक झाकणाने पत्ती मागे सारत थेट त्यातूनच पितात. क्वांगतुंग प्रांताच्या पूर्व टोकाला असलेल्या चाओचौमध्ये मात्र त्याची किटली होते. पत्ती त्यात भिजवायची आणि चहा घोटभराच्या कपांत ओतायचा. ओतताना यजमान बशी वापरत नाही. उकळत्या पाण्याने भरलेली पातळ वाटी तो अंगठा आणि मधल्या बोटाने काठाला धरून उचलतो, तर्जनीने झाकण दाबतो. त्याला भाजत नाही. ओतून झाल्यावर त्याच्या कानाच्या पाळीला खाज सुटते, ती गोष्ट वेगळी.

हा यजमान बहुधा साठीतला आणि दुकानदार असतो. दुकान नळाच्या तोट्यांचं असलं तरी गल्ल्याशेजारी चहाचा ट्रे मांडलेला असतो. तोटी घ्यायला आलेल्या माणसाला किंमत सांगण्याआधी बसवलं जातं. पाणी उकळेपर्यंत पूर्वी ऑलिव्हच्या बियांच्या कोळशावर ते कसं उकळत असे आणि विजेच्या किटलीने कसं वाटोळं केलं, हे ऐकावं लागतं. सांगणाऱ्याची किटली विजेचीच असते.

मग कप धुणं. कडकडीत पाण्याने भरलेल्या एका कपात दुसरा आडवा ठेवून बोटांनी गरगरा फिरवायचा. भाजत नाही. खाज मात्र सुटते.

100 मिलीच्या वाटीला सात-आठ ग्रॅम पत्ती, म्हणजे वाटी जवळजवळ भरतेच. पत्ती फंगह्वांग डोंगरावरची, तानत्सुंग जातीची. तिच्या एका नामांकित प्रकाराला ‘बदकाची शीट’ म्हणतात. मालकाने चोर फिरकू नयेत म्हणून हे नाव दिलं, असं सांगतात, आणि यजमान ते दर गिऱ्हाइकाला सांगतो. पहिलं पाणी लगेच फेकतात. पुढची काही सेकंदांतच ओततात. कप खेटून ठेवतात आणि त्यांच्यावरून हात गोल फिरवत राहतात, म्हणजे चहा सगळ्यांत सारखा उतरतो. याला ‘ग्वान यूची नगरगस्त’ म्हणतात. शेवटचे कडक थेंब कपाकपात मोजून टाकतात, तो ‘हान शिनने केलेली सैन्याची मोजदाद’. दोघेही नावाजलेले सेनापती. गस्त संपेपर्यंत हात खाली ठेवता येत नाही, त्यामुळे या टप्प्याला खाज दोन्ही कानांना सुटते.

पाहुण्याने हौसेने वाटी उचलून पाहिली, तर झाकण ट्रेवर आणि चहा मांडीवर जातो. ‘भाजत नाही हो, सवय लागते,’ म्हणत यजमान कान चोळतो.

माणसं कितीही असोत, कप तीनच. पाच जण असले तर दोघे थांबतात. यजमान स्वतः शेवटी घेतो, बऱ्याचदा घेतच नाही. मध्येच नवा माणूस आला, तर चार-पाच पाण्यांचा जीव शिल्लक असलेली महागडी पत्ती बिनदिक्कत फेकून नवी घालतो. एरवी तोटीच्या किमतीत एक युआन न सोडणारा हा माणूस इथे हिशेब करत नाही. त्याच्या बाजूने एवढं तरी बोललंच पाहिजे. गिऱ्हाईक काही न घेता उठलं, तरी त्याच्या कपाळाला आठी पडत नाही. चौथं पाणी न पिता उठलं, तर पडते.

युनेस्कोने 2022 मध्ये चीनच्या चहापरंपरांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात चाओचौचा हा चहाही आहे. यजमानाचा शनचनमध्ये नोकरी करणारा मुलगा मात्र स्ट्रॉ खुपसून दुधाचा थंड चहा पितो. नववर्षाला तो घरी येतो, तेव्हा बाप न बोलता गायवान त्याच्यापुढे सरकवतो. पोरगा नीट ओततो. मग कान खाजवतो. बाप दुसरीकडे बघतो.

शिकाऊ माणसाने बाहेर वळलेल्या काठाचं गायवान घ्यावं, पाणी त्या वळणाच्या खालीच थांबवावं आणि ओतताना वाफेची फट हातापासून लांब ठेवावी. काठोकाठ भरलेलं गायवान चाओचौकरांनाही भाजतं.