दर्जा, किंमत, सेवा आणि अप्पा

अप्पांना काही विकत घेताना कुणी पाहिलेलं नाही. काहीतरी विकत घ्यायच्या बेतात असलेले अप्पा मात्र डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या यच्चयावत मराठी माणसांनी पाहिले आहेत. मूळचे कोल्हापूरचे. रिचर्डसनच्या टेलिकॉम कॉरिडॉरमध्ये त्यांनी आयुष्यभर यंत्रांच्या चाचण्या घेतल्या. यंत्र चालतं का, यापेक्षा ते कुठे बंद पडेल याची चौकशी करायची सवय तिथे लागली. निवृत्तीनंतर ती सुटली तर नाहीच, उलट तिला आता दिवसभर मोकळीक मिळाली. मिक्सर झाला, गादी झाली, श्रवणयंत्र झालं (काकूंना उत्तम ऐकू येतं, पण पुढेमागे लागलंच तर), आणि गेली काही वर्षं अप्पांचा मुक्काम आहे तो कमरेला पिस्तूल बाळगायच्या चामडी होल्स्टरवर.

होल्स्टरच का, असं विचारलं की अप्पा थेट कायद्यात शिरतात. "२०१६च्या १ जानेवारीपासून इथे परवाना असणाऱ्याला दिसेल असं पिस्तूल बाळगता येऊ लागलं, पण कमरेच्या नाहीतर खांद्याच्या होल्स्टरमध्येच. २०२१च्या १ सप्टेंबरपासून एकवीस वर्षांच्या माणसाला, दुसरी काही मनाई नसेल तर, परवानाही लागत नाही. पण पिस्तूल दिसणार असेल तर होल्स्टर हवंच. म्हणजे बघ, टेक्सासच्या विधिमंडळाने परवाना सोडला, होल्स्टर नाही सोडलं!"

"मग तुमचं पिस्तूल कुठलं?"

"पिस्तूल?" अप्पांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "अरे, पिस्तूल दुकानात उभ्या उभ्या मिळतं. चांगल्या कारागिराकडच्या होल्स्टरला आठ-आठ महिने थांबावं लागतं. आधी काय ठरवायचं, तूच सांग."

या युक्तिवादात कुठेतरी खोट आहे हे मला कळत होतं, पण ती शोधायला अप्पांच्याच तोडीचा माणूस हवा.

अप्पांच्या संगणकावर एक तक्ता आहे. डावीकडे कारागिरांची नावं, वर तीन मोठे रकाने: दर्जा, किंमत, सेवा. प्रत्येकाच्या पोटात उपरकाने, त्यांच्या पोटात टिपा. दर्जाचा रकाना चामड्यापासून सुरू होतो. "क्रोमने कमावलेलं चामडं मऊ. जॅकेटला छान, इथे कुचकामी. आकार धरत नाही आणि वर पोलादाला गंज चढवायची भीती. होल्स्टरला झाडापाल्याच्या रसात कमावलेलंच पाहिजे. ते भिजवायचं, पिस्तुलाच्या निळ्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीवर चढवायचं, कडा दाबून दाबून उठवायच्या आणि वाळू द्यायचं. मग पिस्तूल नुसत्या पकडीवर आत बसतं. उलटं केलंस तरी पडणार नाही."

इथवर आले की अप्पांमधला कोल्हापूरकर जागा होतो. "सेंट लुइसची हर्मन ओक टॅनरी १८८१ पासून हे करतेय, मान्य. पण आमच्याकडे बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, त्याचं काय? पायताण आयुष्यभर टिकतं!" दूरच्या राज्यातल्या एका कारागिराला त्यांनी फोनवरून हिरडा समजावून सांगितला. फळ कसं, झाड कसं, पोटाच्या तक्रारींवर कसा घेतात, सगळं. त्या भल्या माणसाने अखेरपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुम्हाला उजव्या हाताचं हवंय की डाव्या?"

चामड्याची जाडी इकडे औंसात सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. त्यामुळे अप्पांच्या खिशात कायम व्हर्नियर असतो. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला बंदोबस्ताला एक पोलीस होता. मुलं त्याच्या बिल्ल्याकडे बघत होती, आणि अप्पा मागून त्याच्या कमरेपाशी वाकून टाके मोजायच्या प्रयत्नात होते. पोलिसाचा हात सावकाश खाली गेला, तो पहिल्यांदा काकूंनी पाहिला. त्या फराळाचं ताट घेऊन मध्ये पडल्या म्हणून निभावलं. अप्पा मात्र सरळ होत, घरातलं कुणी गेल्यासारख्या आवाजात म्हणाले, "प्लॅस्टिक आहे गं. टाकेच नाहीत."

इतिहासाला अप्पा वेगळे गुण देतात. एल पासोची एल पासो सॅडलरी १८८९ची, म्हणून तिला सुरुवातीलाच पाच. त्याच गावात एस. डी. मायर्स होता, जनरल पॅटनच्या पिस्तुलांची होल्स्टरं त्याने केलेली. तो धंदा आता नाही, तरी तक्त्यात त्याची ओळ आहे. "तुलनेला कुणीतरी थोर लागतं." गॅल्कोचं मूळ नाव फेमस जॅकअ‍ॅस लेदर कंपनी, १९६९ साली शिकागोत सुरू झालेली. "नावात गाढव असून लोकांनी घेतलं. यापुढे दर्जाचा दाखला तो काय?" जॉन बियांकी कॅलिफोर्नियात पोलीस होता, गॅरेजमध्ये होल्स्टरं शिवता शिवता कारखानदार झाला. कारखानदार झाला म्हणून एक गुण कमी. पँटच्या आत खोचायचं समर स्पेशल आयडाहोच्या मिल्ट स्पार्क्सने लोकप्रिय केलं, पण मूळ कल्पना ब्रूस नेल्सनची. म्हणून त्याचे गुण दोघांत वाटलेले आहेत, अपूर्णांकात.

क्रेमरचं घोड्याच्या चामड्याचं होल्स्टर हा स्वतंत्र अध्याय. घोड्याचं चामडं घट्ट, पातळ असून ताठ राहतं, घामाला दाद देत नाही. टेक्सासच्या उन्हाळ्यात आणखी काय हवं? अप्पा तीन महिने घोड्यावर होते. मग कुणीतरी बोलून गेलं की ते मुरायला वेळ घेतं, आणि अप्पा उतरले.

किमतीचा हिशेब त्या मानाने सोपा. कारखान्यातलं चांगलं चामडी होल्स्टर शंभर डॉलरच्या आसपास, हातचं त्याच्या दीडपट-दुप्पट. "दोनशे डॉलर आणि वीस वर्षं वापर. वर्षाला दहा डॉलर. फुकट आहे!" अप्पांनी नुकतीच एकाहत्तरी गाठली आहे. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "वीस धरलीत ते बरं केलंत. मग सकाळची गोळी तेवढी घेत जा."

खरी गंमत सेवेच्या रकान्यात. अप्पा उजखोरे आहेत, पण सगळ्या कारागिरांना पत्र लिहितात ते डावखुरा म्हणून. अडचणीच्या गिऱ्हाइकाशी माणूस कसा वागतो ते कळावं, हा हेतू. उत्तर तासाभरात आलं तर शेरा: "हाताला काम नसावं." आठवड्याने आलं तर: "माज." तीन दिवसांनी, मुद्देसूद आणि किंचित त्रासलेलं उत्तर आलं की अप्पा खूश. मुदतीचंही तसंच. "जो लगेच देतो त्याच्याकडून घेऊ नये, आणि ज्याच्याकडून घ्यावं तो लगेच देत नाही," हे वाक्य ते सुभाषित म्हणावं तसं डोळे मिटून म्हणतात.

याचा अर्थ अप्पा निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. दुसऱ्याचा निर्णय ते अर्ध्या मिनिटात करून देतात. शेजारच्या टेक्सन गृहस्थाने अप्पांच्या सांगण्यावरून होल्स्टर मागवलं, निमूट वाट पाहिली, आणि आलं ते इतकं घट्ट की पिस्तूल आत गेलं ते निघेना. तो तणतणत आला. अप्पांनी त्याला कुंपणाशीच उभं करून शिकवलं: "पिस्तूल रिकामं कर. मेणकागदात गुंडाळ, रात्रभर आत ठेव. तेल अजिबात नको, चामडं मऊ पडेल. आणि एकदा बसलं की पिस्तूल कायम त्यात ठेवून देऊ नकोस, चामडं ओल धरतं." दुसऱ्या दिवशी गाडी रुळावर. त्याने आदराने विचारलं, "सर, तुम्ही स्वतः काय बाळगता?"

"दोहोंमध्ये ठरत नाहीये," अप्पा म्हणाले.

त्याने हॅट काढली. अशा माणसाकडे किमान वीसेक तरी असणार, असं त्याला वाटलं असावं.

एकदा मी धीर करून म्हटलं, "अप्पा, लोकांना घ्यायला लावता, मग तुम्ही का घेत नाही?" अप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घेतलेल्या वस्तूचे दोष आपले असतात रे. न घेतलेल्या वस्तूचे दोष बनवणाऱ्याचे." अख्ख्या तक्त्यात मला एवढं एकच वाक्य निकालासारखं वाटलं.

तरीही यंदा अप्पांच्या वाढदिवसाला घरात चामडं आलं. कुणा कारागिराने त्यांना सांगितलं होतं की नुसतं होल्स्टर चांगलं असून भागत नाही, पट्टा लेचापेचा असेल तर वजनाने सगळंच लोंबतं. अप्पांनी लगोलग पट्ट्यांचा तक्ता उघडला. काकूंनी त्यातली सगळ्यात वरची ओळ बघितली आणि परस्पर पट्टा मागवून टाकला. दुपदरी, ताठ, काठाला रेघेसारखी शिवण. अप्पांचा चेहरा पडला, कारण पट्ट्यांचा तक्ता आता बंद करावा लागणार होता. जड हातांनी त्यांनी तो पँटला लावायला घेतला. पट्टा लूपमधून जाईना. दुसरी पँट काढली, तिसरी काढली. जाईना! अप्पांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढला. संध्याकाळी केक कापायच्या आत नवा तक्ता तयार होता: पँट. दर्जा, किंमत, सेवा.

मी स्वयंपाकघरात जाऊन काकूंना म्हटलं, "काकू, माप चुकलं वाटतं. परत पाठवायचा का पट्टा?"

"माप कसं चुकेल? लूप मीच मोजले होते," काकू केकच्या बशा मांडत म्हणाल्या. "सव्वा इंच. पट्टा दीड इंचाचा मागवला. आता पँट ठरेपर्यंत चार वर्षं बघायला नको. मला नको बाई घरात बंदूक."