शहरी गाडी, मुक्काम कळंब

सर्वात आधी शहर शोधा. छोटी इलेक्ट्रिक गाडी शहरात चालवायची असते, असं जाहिरात सांगते. कळंबात बसस्टँडवरून चिंतामणीच्या देवळापर्यंत गेलात की शहर आटोपतं. म्हणून यवतमाळ धरा, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर.

आता बॅटरी. 2023 साली आलेली एमजी कॉमेट 17.3 युनिटांची, दावा 230 किलोमीटरचा. त्याआधीच्या वर्षी आलेली टियागो ईव्ही मोठ्या बॅटरीत 24 युनिटांची, तेव्हाचा दावा 315 चा. हे चाचणीतले आकडे. चाचणीत एसी बंद असतो, वर मे महिन्याचं ऊन नसतं आणि मागे मामा-मामी बसलेले नसतात. एक तृतीयांश सरळ वजा करा. तरी यवतमाळच्या तीन-चार चकरा निघतात.

पूजा देवळासमोरच करावी. चाकाखाली लिंबू ठेवून महाराज म्हणतील, "करा सुरू." तुम्ही केव्हाच केलेली असते. ते पुन्हा म्हणतील. वाद घालू नका, लिंबू फुटलं की त्यांची खात्री पटते.

मग गल्ली जमेल. "भाऊ, लाईन गेली त?" पेट्रोल पंपाची मशीनही लाईनीवरच चालते, असं उत्तर द्यावं. "त्याच्यापाशी जनरेटर हाय," असं आलं की विषय बदलावा.

चार्जिंगसाठी पंधरा अँपियरचा वेगळा पॉइंट काढून घ्या. कूलरच्या बोर्डावर गाडी लावू नका, हे दोनदा वाचा. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा शेवटचा कधी पडला ते वडिलांना विचारा; उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम घरातल्या बारक्याकडे द्या. रिकामी टियागो घरच्या चार्जरवर भरायला जवळजवळ नऊ तास घेते, म्हणजे रात्र गेली. महावितरणचा स्वस्त टप्पा 100 युनिटांचा. चार-पाच वेळा गाडी भरली की तो संपला. पुढे कूलर महागड्या दराने फिरतो आणि त्याचं खापर गाडीवर फुटतं.

तरीही घ्या. पुण्यातला गाडीवाला पार्किंगमध्ये एक प्लग बसवायला सोसायटीकडे अर्ज करतो, मग सभा, मग हरकती. तुमच्याकडे अंगण आहे. शहरासाठी काढलेली ही गाडी तालुक्याच्या गावालाच जास्त जमते, पण जाहिरातीत अजून काचेच्या इमारतीच दिसतात.

राहिलं नागपूरचं लग्न. जाताना पोचाल. येताना टियागोला फास्ट चार्जर सापडला तर तासाभरात बऱ्यापैकी भरते. कॉमेटला तो चालतच नाही. वर्ध्यापर्यंत फेब्रुवारी 2024 पासून कळंबहून रेल्वे आहे, तिचं वेळापत्रक मुहूर्ताशी जुळलं तर उत्तम. नाही तर भाऊजींच्या डिझेल गाडीत मागे बसा, आणि रस्ताभर पर्यावरणावर बोलू नका.