चौथ्या सीटवरील पितृत्व

रोजचे ताण पेलता येणे, हाती घेतलेले काम पार पाडता येणे आणि चार माणसांत मिसळता येणे, या क्षमतांना मिळून आरोग्यशास्त्र मानसिक स्वास्थ्य असे म्हणते. ही व्याख्या मुंबईच्या उपनगरांतील नोकरदार बापाला वाचून दाखवल्यास तो ती स्वतःला तत्काळ लागू करून घेतो, कारण ताण तो पेलतो, काम तो करतो, आणि माणसांत तर तो सकाळच्या लोकलमध्ये इतका मिसळलेला असतो की खिशातून फोन काढण्यापूर्वी तो खिसा आपलाच असल्याची खात्री त्याला करून घ्यावी लागते. नोकरदार बाप या संज्ञेने येथे असा पुरुष अभिप्रेत आहे की जो पगार जमा होणे आणि गृहकर्जाचा हप्ता कापला जाणे यांमधल्या अल्पकाळात स्वतःला संपन्न समजतो, थकवा पदकासारखा छातीवर मिरवतो, आणि प्रकृतीची चौकशी केल्यास "आपल्याला काय धाड भरलीय" असे उत्तर देतो. प्रस्तुत लेखक या वर्गाचा जुना सभासद असून, मानसिक स्वास्थ्यावर लेख लिहिला म्हणजे त्याची निगा राखली असे मानणाऱ्या पोटवर्गात त्याची गणना करणे रास्त ठरेल, विशेषतः हा लेख सुटीच्या दिवशी, मुलांना खोलीबाहेर काढून आणि दाराला कडी लावून लिहिला जात असल्यामुळे.

या वर्गाकडे कायद्याचे लक्ष बेताचेच आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास अपत्यजन्मानिमित्त १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, खासगी नोकरीतील बापास असा हक्क देणारा सर्वसाधारण कायदाच नाही. आणि ज्यांना हे १५ दिवस लाभतात त्यांचेही दिवस पेढे, पाहुणे, जन्मदाखल्याची रांग व बाराव्या दिवसाचे बारसे यांत खर्ची पडून, बाळाला न घाबरता उचलता येऊ लागते त्याच सुमारास कामावर रुजू होण्याची वेळ येते. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र पडताळून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात साधारण दहापैकी एका बापात अपत्यजन्माच्या आगेमागे नैराश्याची लक्षणे आढळली होती, म्हणजे हा आजार बाळंतिणीपुरता नाही. तथापि बाळंतिणीसाठी निदान डिंकाचे लाडू तरी वळले जातात, आणि बापाने त्यांतला एक उचलला तर तो चोरी या सदरात मोडतो.

कायद्याने न दिलेला आधार या बापाला थोडाफार मिळतो तो लोकलमध्ये, म्हणून येथे डब्यांतर्गत समाजव्यवस्थेचा विचार थोडा विस्ताराने करणे अपरिहार्य आहे, निदान लेखकाला तसे वाटते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली तेव्हा सुमारे ४०० निमंत्रितांना तोफांच्या सलामीसह बसून जाता आले. त्यानंतर बसण्याचा प्रश्न जो निर्माण झाला तो आजतागायत सुटलेला नाही. त्यावर जनतेने काढलेला तोडगा म्हणजे चौथी सीट, अर्थात तिघांसाठी बनवलेल्या बाकावर चौथ्याने अर्धे शरीर टेकवून उरलेले अर्धे मार्गिकेत अधांतरी ठेवण्याची पद्धत. चौथ्या सीटवर बसलेला मनुष्य बसलेला असतो असे म्हणता येत नाही आणि उभा तर तो नसतोच. तरीही "जरा सरकून घ्या" हे शब्द उच्चारण्याचा त्याचा अधिकार इतका निर्विवाद आहे की खिडकीशी बसलेला ढेरपोट्या गृहस्थही झोपेतच पोट आत घेतो. याहून प्रगत प्रथा अशी की रोज एकत्र जाणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये ठरलेले स्थानक आले की बसलेले उठतात व उभ्यांना जागा देतात, आणि यासाठी ठराव, नियमावली किंवा अध्यक्ष लागत नाही. याच डब्यात भजने होतात, टाळ वाजतात, ब्रीफकेसवर पत्ते पडतात, दसऱ्याच्या सुमारास झेंडूची तोरणे लागतात, आणि एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याला फोन जातो. शहराने पुरुषांसाठी इतकी बिनखर्चाची आधारव्यवस्था दुसरीकडे कोठे उभारली असल्यास ती लेखकाच्या पाहण्यात नाही.

मात्र या व्यवस्थेत दोन मोठ्या उणिवा आहेत. पहिली अशी की ती गैरहजराची चौकशी करते, हजर असलेल्याची करीत नाही, महिनाभर गप्प गप्प असलेल्याला "काय रे, आज शांत?" असे विचारले जाते, तो "झोप झाली नाही" असे सांगतो, आणि पुढचा पत्ता पडतो. दुसरी उणीव अधिक त्रासदायक आहे. परक्या माणसासाठी अर्ध्या वाटेत आनंदाने उठणारा हा गृहस्थ घरी पोचताच सोफ्याची विंडो सीट धरतो व फोनमध्ये डोके घालतो, आणि तीही नोकरीवरूनच आलेली पत्नी स्वयंपाकघरात उभी आहे हे त्याला दिसत असूनही ठरलेले स्थानक कधीच येत नाही. याच्या जोडीला समाजाचे लाड आहेतच: एकदा डायपर बदलला तर सोसायटीत बोलबाला, पालकसभेला गेला तर "वा, आज बाबा आले!" आणि आई मात्र दर वेळी येते याचे कोणाला काहीच वाटत नाही. हे कौतुक बापाला गोड लागते, कारण मदतनीस म्हणवून घेतले की वाहवा पदरात पडते आणि जबाबदारी दुसऱ्याच्या नावावर राहते.

विनोद येथे थोडा आवरता घेणे भाग आहे. पुरुषाच्या नैराश्यात रडू दिसेलच असे नाही. पुष्कळदा ते चिडचिडीच्या, न येणाऱ्या झोपेच्या किंवा वाढत जाणाऱ्या दारूच्या रूपाने प्रकट होते, आणि त्यामुळे घरच्यांना तो आजार न वाटता स्वभाव वाटतो. साहेबाला जे बोलता आले नाही ते रात्री हातच्याची वजाबाकी चुकलेल्या आठ वर्षांच्या मुलीला ऐकावे लागते, आणि ती वहीकडे पाहत, आवाज होऊ न देता खोडरबर फिरवत राहते. आपण तिच्यासाठीच राबतो हे त्या बापाचे म्हणणे खरे असते, परंतु तिच्या वाट्याला दिवसातून जो बाप येतो तो एवढाच असतो.

उपायांची यादी देणे लेखकाच्या अधिकाराबाहेरचे आहे. शिवाय बाहेरून कडी वाजवली जात आहे. तूर्त एवढे नोंदवणे पुरेसे आहे की केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही दूरध्वनी समुपदेशन सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास व विनामूल्य उपलब्ध असून, तेथे मराठीत बोलता येते आणि पलीकडच्या माणसाला साहेब म्हणावे लागत नाही.