ताब्यापूर्वीची पाहणी

इसार दिल्यानंतर आणि खरेदीखतावर सह्या-अंगठे होण्यापूर्वी घेणाऱ्याने घर एकवार नजरेखालून घालावे, असा जो शिरस्ता आहे, त्याचा खरा हेतू घर पाहणे हा नसून, आपण घर पाहत असताना चारचौघांनी आपणास पाहावे हाच असावा, अशी यवतमाळच्या मुक्कामी माझी खात्री झाली. वेताच्या काठीने भिंती ठोकीत, चौकटीचे सागवान पांढरकवड्याकडचे की पुसदेकडचे हे केवळ वासावरून ठरवीत, मी अशा डौलाने हिंडलो की, विकणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी मला ‘इंजिनियर साहेब’ म्हटले, आणि मीही त्या पदवीस हरकत घेतली नाही.

माजघरात भेग दिसली मात्र, माझी विद्वत्ता अनावर झाली. या मुलखाची काळी जमीन, मी म्हणालो, अग्निजन्य पाषाणाच्या झिजेतून निपजलेली. तिच्यातील चिकणमाती मृगात पाणी पिऊन फुगते, वैशाखात आटून आक्रसते, आणि कापसाच्या मुळांशी ओल जपणारा हाच तिचा गुण उथळ पायाच्या भिंतींच्या मुळावर येतो. यास्तव पाया मुरुमापर्यंत उतरवावा. तेथून मी मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यावर घसरलो. त्याच्या ५५ व्या कलमान्वये, घेणाऱ्यास साध्या सावधगिरीने न दिसणारा, परंतु विकणाऱ्यास ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड करणे बंधनकारक आहे, हे मी तर्जनी उंचावून सांगितले.

“भेग तं दिसूनच राहिली ना, साहेब,” गृहस्थ शांतपणे म्हणाले.

निरुत्तर होऊन मी नळाकडे वळलो आणि तोटी सोडून धारेचा जोर न्याहाळीत उभा राहिलो. आतून घरच्या बाई आल्या, “पाणी जाऊन राहिलं ना जी,” एवढेच बोलल्या आणि तोटी बंद करून गेल्या. निळोणा आणि चापडोह या धरणांकडे डोळे लावून उन्हाळा कंठणाऱ्या या गावात, आपण सोडून चाललेल्या घराची टाकी त्यांनी आमच्यासाठी काठोकाठ भरून ठेवली होती. खरेदीखतात चतुःसीमा येते, वहिवाट येते. या पाण्यासाठी मात्र दुय्यम निबंधकांच्या कचेरीत रकाना नाही, आणि मोबदल्याच्या आकड्यावरून त्या गृहस्थांशी केलेल्या घासाघिशीची मला अद्याप लाज वाटते.

खरेदीदारांस विनंती एवढीच : घर पावसाळ्यात पाहू नये, कारण ओली जमीन बऱ्याचशा भेगा मिटवून टाकते, वैशाखात पाहावे, आणि तोटी तपासून होताच बंद करावी.