पिढीजात शुगर : जतन, संवर्धन आणि वाटणी

जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच घरांत वारशानं तीन गोष्टी येतात : शेत, सोनं आणि शुगर. पहिल्या दोहोंसाठी तलाठी, दुय्यम निबंधक, वकील आणि भावाभावांत फारच प्रेम असेल तर दिवाणी न्यायालय, अशी सगळी व्यवस्था आहे. तिसरीबाबत कोणी धड मार्गदर्शन करत नाही. तरीही आपल्या कुटुंबांनी ती अशी काही सांभाळली आहे की आजोबांना साठीत मिळालेला ऐवज बापाला पन्नाशीत आणि नातवाला पस्तिशीतच हाती पडतो. या परंपरेत खंड पडू नये अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी पुढील सूचना.

सर्वप्रथम वारस कोण ते समजून घ्यावं. शेताच्या वाटणीत आपण बहिणीला साडी-चोळी करतो, निबंधक कार्यालयात नेतो आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो. शुगरमध्ये ही सोय नाही. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात 1994 मध्ये झाली, देशभर 2005 मध्ये. शुगर हा कायदा त्याच्या कितीतरी आधीपासून पाळत आली आहे. लेकीला तिचा वाटा सासरी घरपोच मिळतो आणि तो सोडून देण्याचा कागद कुठल्याही कचेरीत होत नाही. सुनेचा रक्ताचा संबंध नसला तरी तिनं नाराज होऊ नये. कढई एकच आहे.

आपला हिस्सा नेमका किती, हे काढायचीही सोय आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये भारतीयांसाठी शंभर गुणांचा एक साधा तक्ता प्रसिद्ध केला. आई किंवा वडील यांपैकी एकाला मधुमेह असेल तर 10 गुण, दोघांनाही असेल तर 20. पन्नाशी गाठली की 30. पुरुषाची कंबर 100 सेंटिमीटरला किंवा बाईची 90 ला पोचली की 20. व्यायामही नाही आणि अंगमेहनतीचं कामही नाही, याचे 30. एकूण साठ किंवा जास्त भरले की धोका मोठा. आता हिशेब मांडा. आई-वडील दोघांनी मिळून दिले फक्त 20. कंबर आणि खुर्ची यांनी मिळवून दिले 50. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर वडिलोपार्जित वीस आणि स्वकष्टार्जित पन्नास. हा तक्ता घरात कोणाच्या हाती लागू देऊ नये. 'आमच्या रक्तातच आहे, त्याला काय करणार' हे आपलं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाक्य त्यानं एका मिनिटात निकामी होतं.

आपण सडपातळ असल्यामुळे यादीतून सुटलो, असं वाटणाऱ्यांनीही धीर सोडू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंची-वजनाचा हिशेब, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. अंगातली चरबी मात्र लंडनकरांची 9.1 टक्के आणि पुणेकरांची 21.2. याज्ञिकांच्याच गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. बाळं सरासरी 2.7 किलोची, हातापायांनी किडकिडीत, पण चरबी राखून असलेली. म्हणजे जे आपण सरसकट आजोबांच्या खात्यावर टाकतो, त्यातलं काही आईच्या पोटात असताना तिच्या ताटात काय पडलं यावरही ठरतं. सुनेनं सगळ्यांच्या शेवटी आणि उरेल ते जेवायचं ही आपली रीत संवर्धनाच्या दृष्टीनं फार मोलाची आहे. गरोदरपणी सरकारी दवाखान्यात 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात, दोन तासांनी रक्त घेतात आणि आकडा 140 किंवा त्यावर आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान करायची असते. त्या दिवशी सासूबाईंनी दारात उभं राहून 'आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही' एवढंच म्हणावं. बाकीचं काम आपोआप होतं.

गोपनीयतेला पर्याय नाही. स्थळ बघायला आलेली माणसं पत्रिका बघतात, बागायत किती, केळीची खोडं किती, विहिरीला पाणी कुठवर, सगळं विचारतात. मुलाच्या वडिलांचं फास्टिंग किती हे विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही; आपण होऊन ते घालू नये. गोळ्यांची पट्टी पित्ताची म्हणून ठेवावी. आणि कुणी थेट विचारलंच तर 'बॉर्डरवर आहे' म्हणावं. डॉक्टरांच्या हिशेबी उपाशीपोटी 126 किंवा वर, किंवा तीन महिन्यांची एचबीएवनसी 6.5 किंवा वर, असं दोन वेळा आलं की तो मधुमेह. आपल्याकडे ही रेषा सोयीनं सरकवता येते. उपाशीपोटी 180 असलेला माणूसही बॉर्डरवर राहू शकतो. बारा-बारा वर्षं त्या बॉर्डरवर चौकी देणारे काका मी पाहिले आहेत. चौकी सुटली ती डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याचा फोटो काढला तेव्हा.

(एक गोष्ट मात्र थट्टेत घेण्यासारखी नाही. चोपडा, यावल, शिरपूर अशा सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत, विशेषतः आदिवासी कुटुंबांत, सिकलसेल आढळतो. त्यात लाल पेशी लवकर मरतात आणि एचबीएवनसीचा आकडा फसवा निघू शकतो. घरात सिकलसेल असेल तर तपासणीआधी ते सांगावं, म्हणजे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर बघून ठरवता येतं.)

आता सणवार. आखाजीला माहेरवाशिणी येतात, लिंबाला झोके बांधतात, घागर भरून पितरांना नैवेद्य दाखवतात. नैवेद्यात आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. ज्यांच्याकडून शुगर आली त्यांनाच गोड वाढायचं आणि मग त्यांचा प्रसाद म्हणून आपण दोन वाट्या रस ओढायचा, इतका चोख बंदोबस्त दुसऱ्या कुठल्याही सणात नाही. मांड्याबद्दल एक तांत्रिक सूचना. पुरण भरलेला गोळा हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरतो, मग तो उलट्या खापरावर टाकतात. भाजून निघाला की ताटात मावत नाही म्हणून घडीवर घडी घालतात. घडी घातलेला मांडा ताटात एक दिसतो. मोजणी नेहमी घडीचीच करावी. 'मी एकच खाल्ला' हे डॉक्टरांना सांगताना मग खोटंही बोलावं लागत नाही.

हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत थोडं जपून राहावं, कारण भरीत मुळात निरुपद्रवी आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवट, मोठं, बी कमी असलेलं हे वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजून खाल्लं तर शुगर फारशी हलत नाही. कळण्याची भाकरीही धोकादायक आहे : ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेले, म्हणजे डाळही आली आणि कोंडाही आला, पोट लवकर भरतं आणि रक्तातली साखर सावकाश चढते. आपल्या आज्या रोज हेच खाऊन निंदणीला जायच्या. म्हणून भरताबरोबर पुऱ्या तळाव्यात. कळण्याची भाकरी चतकोर, तीही चवीला. लग्नात वरण-बट्टी असेल तर काळजीच नाही. बट्टी कुस्करून तिच्यात तूप जिरेपर्यंत वाढपी हलत नाही. केळीबाबत आपल्या भागानं काढलेला तोडगा तर सर्वमान्य आहे : केळं गोड म्हणून बंद, वेफर्स तिखट म्हणून चालू.

आणि कोणी ताटावर हात आडवा धरलाच, तर 'इतलामा काय व्हस?', म्हणजे 'एवढ्यानं काय होतंय?', म्हणावं. खान्देशातला हा सगळ्यांत जास्त दिला जाणारा वैद्यकीय सल्ला आहे आणि तो देणाऱ्याला कुठल्याही परिषदेची नोंदणी लागत नाही.

पथ्य द्यायची वेळ आलीच तर ते एकट्याला द्यावं. आप्पांना कारल्याचा रस आणि बिनसाखरेचा चहा, बाकी घराला श्रीखंड. एकाच रक्ताची इतर चार माणसं त्याच टेबलावर बसलेली आहेत आणि आप्पांचं ताट खरं तर त्यांनाच जास्त उपयोगी आहे, हा विचार कोणाच्या मनात येऊ नये. आप्पाही मग रात्री दिवाणखान्यात दिवा न लावता डबा उघडायला शिकतात. अशानं घरात आपुलकी टिकते.

आधार कोणाचा घ्यावा? पहिला मान व्हॉट्सॲपवरच्या वैद्यांचा. विजयसारच्या पेल्यातलं पाणी, जांभळाच्या बियांची पूड, 'इन्सुलिनचा पाला' यांतलं काहीही सुरू करावं. अट एकच, डॉक्टरांची गोळी त्याच दिवशी बंद करावी. दुसरा आधार सकाळी फेरीला निघणाऱ्यांचा. जळगावात मेहरूण तलावावर, धुळ्यात पांझरेच्या काठी पहाटे मंडळी तावातावानं चालतात. चालण्याला माझा काहीच आक्षेप नाही, पण फेरीचा शेवट पोहे, कचोरी आणि कटिंग चहावर व्हावा, म्हणजे जमाखर्च बरोबर राहतो. तिसरा आधार घरातच असतो आणि त्याच्याकडे मुळीच जाऊ नये : वीस वर्षं स्वतःच्या हातानं इंजेक्शन घेणारी आत्या. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, डोकं हलकं झालं तर शुगर सत्तरच्या खाली गेली असं धरायचं, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, हे तिला पाठ आहे. शुगर उतरवणारी गोळी घेऊन निरंकार उपास धरू नये, हेही तिला ठाऊक आहे. चतुर्थीला एकदा देवघरासमोर कोसळल्यापासून. तिची इन्सुलिन फ्रीजच्या दारात असते, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो आणि वीज दुपारीच जाते, तेव्हा ती बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या वाळूत रोवलेल्या माठात ठेवते. एवढं सगळं एकाच माणसाकडे असल्यामुळे लग्नकार्यात तिला पाहुण्यांच्या पत्रावळी मोजायला बसवावं. कोणी तिला विचारायला जाऊ नये.

पायांकडे तर अजिबात पाहू नये. चैत्रात खान्देशातून सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांची रांग लागते, त्यांतले बरेच अनवाणी. ज्याच्या तळव्याला शुगरमुळे बधिरपणा आला आहे त्याला डांबर तापलेलं कळत नाही, काच घुसलेली कळत नाही. देवीची कृपा म्हणून तो इतरांपेक्षा जास्त चालतो. फोड त्याला तिसऱ्या दिवशी बायको दाखवते. रोज रात्री तळवे आरशात बघणं, चप्पल घालण्याआधी झटकणं, यात्रेला कॅनव्हासचे बूट घालणं, या सवयी ज्या घरात शिरतात तिथे बोट कापायची वेळ सहसा येत नाही. परंपरेचं केवढं नुकसान!

इतकं सगळं पाळूनही काही घरांत परंपरा मोडते. तिथे कोणीतरी एक जण, बहुधा धाकटी सून किंवा पुण्याहून सुटीला आलेली पुतणी, दिवाळीच्या जेवणानंतर सगळ्यांचे रिपोर्ट एका वहीत लिहायला घेते. आजोबांना कितव्या वर्षी निघाली, आत्याला कधी, मोठ्या काकूला गरोदरपणी होती का. मग तिशीच्या वरच्या सगळ्यांना दवाखान्यात नेते. जिल्हा रुग्णालयात शुगर-बीपीसारख्या आजारांचा वेगळा कक्ष असतो, गावात आयुष्मान आरोग्य मंदिरात बोटाच्या थेंबावर तपासणी होते आणि नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. अशा घरात मग सगळ्यांसाठी एकच भाजी शिजते, आप्पा दिवा लावून जेवतात आणि पुढच्या पिढीला द्यायला फक्त वीस गुण उरतात.

असं घर तुमच्या गल्लीत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. ते नाहीच जमलं, तर आशाताई दारात येतील तेव्हा दार उघडा. त्यांच्याकडच्या फॉर्मवर तुमचं वय, तंबाखू, दारू, व्यायाम यांबरोबर घरात कोणाला शुगर, बीपी आहे का असा प्रश्न असतो. त्याला खरं उत्तर द्या. ते 'हो' असेल तर त्याचे दोन गुण आहेत आणि एकूण चारच्या वर गेलात तर तुमची तपासणी आधी होते. मग त्या कंबरेला टेप लावतील. त्या वेळी पोट आत ओढू नका. माप श्वास सोडून घ्यायचं असतं.