चालू घडामोडी

टीव्ही पाहणं आणि अभ्यास करणं यांतला भेद आमच्या घरात मी कायमचा मिटवून टाकला आहे. मी एमपीएससीची तयारी करतो. परीक्षेत चालू घडामोडी विचारतात, चालू घडामोडींत क्रीडा येते, क्रीडेत क्रिकेट येतं आणि क्रिकेट टीव्हीवर येतं. हे मी वडिलांना पहिल्यांदा समजावलं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात त्यांची हयात गेली. कच्चा धागा त्यांना लांबून ओळखू येतो. पण ते एवढंच म्हणाले, "वही घेऊन बस की मग." तेव्हापासून आयपीएलचे दोन महिने माझ्या मांडीवर वही असते. तिच्यात आजवर एकच ओळ आहे: 'बुमराह, यॉर्कर, महत्त्वाचे.'

आई माझ्यापेक्षा हुशार निघाली. ती म्हणाली, "मग माझ्या मालिका पण चालू घडामोडीच की. रोज चालूच असतात." त्यांत घडत मात्र काहीच नाही, हे मी ओठांवर आलेलं गिळलं, कारण रिमोट तिच्या हातात होता. शेवटी तह झाला. मालिकेत जाहिराती लागल्या की सामना, सामन्यात जाहिराती लागल्या की मालिका. त्यामुळे आमच्या घरात दोन्हींची मिळून एकच गोष्ट चालते. परवा सुनेने सासूसमोर पुरावे फेकले आणि अंपायरने नो-बॉल दिला. आई म्हणाली, "बरोबर दिला."

आम्ही राहतो सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडे. सोलापूरबाहेरच्यांना सांगतो, हा यंत्रमागांचा भाग. घराला लागून माग, मागाला लागून घर. दिवसभर खडखडाट, त्यामुळे इथली माणसं कानगोष्टसुद्धा दोन घरं पलीकडे ऐकू जाईल अशी करतात. गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू सगळं बोललं जातं. क्रिकेट बघताना प्रत्येक जण आपापल्या भाषेत शिव्या घालतो आणि विकेट पडली की सगळे 'औट' म्हणतात.

आई टीव्ही सोडत नाही तेव्हा मी मोबाइलवर सामना बघतो. मोबाइलवरचा सामना उशिरा येतो हे आता लहान पोरांनाही माहीत आहे. शेजारच्या अण्णांकडे जुनं केबल आहे, त्यांच्याकडे तोच चेंडू आधी पोहोचतो. म्हणजे मी जो बॉलर रनअपला लागलेला बघत असतो, त्याचं काय झालं हे अण्णांच्या भिंतीतून मला आधीच कळलेलं असतं. भविष्य कळणारा माणूस सुखी असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी अण्णांच्या शेजारी राहून बघावं.

30 एप्रिल 2024 ची रात्र सांगतो. आमच्या सोलापूरचा अर्शीन कुलकर्णी लखनौकडून पहिला आयपीएल सामना खेळायला उतरणार होता, तोही सलामीला, समोर मुंबई इंडियन्स. आदल्याच वर्षी महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये या पोराने एका डावात 13 षटकार मारलेले. त्या दिवशी आईने स्वतःहून रिमोट ठेवला असता, पण मालिकेत नेमका लग्नाचा भाग होता. मी मोबाइल घेऊन उंबऱ्यावर बसलो. सोबत ताटात कडक भाकरी आणि शेंगा चटणी. कडक भाकरीचं एक आहे, चावताना आपल्याच कवटीत एवढा आवाज होतो की समालोचक काय म्हणतोय ते कळत नाही. आणि बरेचदा तेच बरं असतं. तर अर्शीन क्रीजवर आला, गार्ड घेतला, इकडेतिकडे बघितलं. मी घास खाली ठेवला. तेवढ्यात भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज आला: "अरारारा..."

मोबाइलवर तो अजून बॅट आपटत उभा होता. मला त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. मुंबईचा थुषारा धावत आला, चेंडू पॅडवर आदळला, पायचीत. पहिलाच चेंडू, शून्य. गल्लीत कुणी काही बोललं नाही. मग अण्णाच बाहेर आले आणि म्हणाले, "होतंय बे. एकोणीस वर्षांचं पोरगं हाय." आणि आत गेले. एवढ्या समजूतदारपणे अण्णा रोहित शर्माशीही कधी वागले नव्हते. आपल्या गावचा असला की शून्यसुद्धा आपलं वाटतं.

क्रिकेटमध्ये सोलापूरचा माणूस म्हणजे नवल आहे असं समजू नका. पॉली उमरीगर यांचा जन्म इथला, 1926 चा. कसोटीत द्विशतक ठोकणारे पहिले भारतीय तेच. 1955 मध्ये हैदराबादला, न्यूझीलंडविरुद्ध 223. हे उत्तर मला झोपेतही येतं, पण अजून कुठल्याच पेपरात विचारलेलं नाही. बीसीसीआय वर्षातल्या सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला जो पुरस्कार देतं तो उमरीगरांच्याच नावाचा. म्हणजे कोहली असो नाहीतर बुमराह, तिथं पोहोचला की सोलापूरचं नाव हातात घेऊन फोटो काढावा लागतो. हे मी पुण्यात नोकरी करणाऱ्या मित्रांना आवर्जून सांगतो. ते शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसने येतात, पार्क चौकात भेटतात आणि पहिलं वाक्य टाकतात, "काय बे, अजून हितंच?" उमरीगरांचं ऐकून त्यातला एक म्हणाला, "ते पण शेवटी मुंबईलाच गेले की." पुण्याला गेलेल्या माणसाशी वाद घालू नये.

मग मी किरण नवगिरेचं नाव काढतो. ती आपल्या जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरची. आधी भाला आणि गोळा फेकायची, मग क्रिकेटकडे वळली. 2022 मध्ये नागालँडकडून खेळताना टी-ट्वेंटीत नाबाद 162 धावा. तोवर एकाही भारतीयाने, बाई असो वा पुरुष, टी-ट्वेंटीच्या एका डावात दीडशेचा आकडा गाठला नव्हता. 2023 च्या पहिल्या डब्ल्यूपीएलमध्ये इतरांच्या बॅटवर कंपन्यांची चकचकीत स्टिकरं. हिच्या बॅटवर पेनाने लिहिलेलं 'एमएसडी 07'. दहावीच्या बाकावर आपण जसं लिहितो तसं. तिने त्याच बॅटने अर्धशतक मारलं. आईने हे बघितलं आणि मला म्हणाली, "बघ, तिला काही लिहायचं होतं तर बॅटवर लिहिलं. तुझी वही कोरी."

क्रिकेटवरच सगळं आटोपलं तर आमच्या जिल्ह्यातल्या तालमी माफ करणार नाहीत. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी झाली. माती विभागाच्या शेवटच्या कुस्तीत मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड समोरासमोर. दोघंही आमचेच. कुणीही जिंकलं तरी आपणच जिंकणार, म्हणून निवांत बघायला बसलो. तर बाहेरील टांग या डावाला चार गुण द्यायला हवे होते की नव्हते यावर अख्ख्या महाराष्ट्रात तट पडले. महेंद्र जिंकला, पुढे अंतिम कुस्तीत शिवराज राक्षेकडून हरला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सिकंदरने महाराष्ट्र केसरीची गदा आणली. एवढं होईपर्यंत टांगेची चर्चा चालूच. मी तेव्हा दाढीला गेलो होतो. न्हावीमामा सिकंदरचे, शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक महेंद्रचं. मामा वस्तरा माझ्या गळ्यावर ठेवून त्याला टांग कशी लागते ते समजावू लागले. मी हललो नाही. चार गुण, तीन गुण, काहीही द्या म्हटलं, मला मान्य आहे.

आता पाणी. सोलापूरच्या माणसाने टीव्ही आणि खेळ यांवर लिहिताना पाणी मध्येच का आणलं असं विचारणारा नक्कीच बाहेरगावचा. उजनी धरण भरलं की टीव्हीवर ड्रोनने काढलेली दृश्यं दाखवतात. तेच पाणी शंभरावर किलोमीटर प्रवास करून आमच्या नळाला चार-पाच दिवसांतून एकदा येतं, आणि कधी येईल ते व्हॉल्व्ह सोडणाऱ्या चावीवाल्याला माहीत. आमची सगळी कामं त्या दिवसाभोवती फिरतात. लग्नाचा मुहूर्त काढताना पंचांग नंतर, पाण्याचा वार आधी.

29 जून 2024. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपचा अंतिम सामना, बार्बाडोस. आमच्याकडे रात्री अकराचा सुमार. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या आणि क्लासेन सुटला होता. आई स्वतः मालिका सोडून बसलेली, वडील उभे. त्यांना ताण आला की ते बसत नाहीत. आणि गल्लीच्या वरच्या टोकाकडून हाक आली: "पाणी आलंऽऽ!"

वर्ल्ड कप वाट बघू शकतो. पाणी नाही. आई नळाकडे धावली, फडकं बांधलं, आधी प्यायच्या घागरी. वडिलांनी निळ्या बॅरलला नळी लावली आणि मोटारीचं बटण दाबलं. मला गच्चीवर पिटाळलं, टाकीत पाइप धरायला, कारण आमचा पाइप सोडला की उसळी मारून बाहेर येतो. वर जाऊन बघतो तर प्रत्येक गच्चीवर एकेक पोरगं, एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात मोबाइल. खाली गल्लीत सगळ्या मोटारींची घरघर. मधूनच कुणीतरी विचारायचं, "किती राहिले बे?" आणि कळायचं नाही की धावा विचारतोय की घागरी.

शेवटची ओव्हर. 16 धावा. हार्दिकने चेंडू टाकला, मिलरने उचलला. मी नेहमीच्या सवयीने कान अण्णांच्या भिंतीकडे लावला. तिकडून काहीच नाही. तेव्हा लक्षात आलं, अण्णांच्या घरीही पाणी आलंय. त्यांच्या टीव्हीसमोर माणूसच नव्हतं. कितीतरी वर्षांनी एका चेंडूचं काय होणार हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. चेंडू सीमारेषेकडे गेला, सूर्यकुमारने झेलला, तोल जातोय म्हणून हवेत उडवला, स्वतः रेषेबाहेर गेला, परत आत आला आणि पुन्हा पकडला. मी एवढ्या जोरात ओरडलो की मोटारींच्या आवाजातही गल्लीतल्या सगळ्या घागरी थबकल्या. पाइप कधी निसटला कळलं नाही. सात धावांनी जिंकलो. खाली उतरलो तेव्हा टाकी भरून गच्चीवरून धार रस्त्यावर पडत होती आणि वडील तिच्याकडे बघत उभे होते. ते एक शब्द बोलले नाहीत. सोलापुरात याहून मोठा जल्लोष असूच शकत नाही.

एवढं सगळं इथं घडतं, पण टीव्हीला सोलापूर दिसतं ते वर्षातून तीन वेळा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा, आषाढीला पंढरपूरमुळे, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हामुळे. या तिसऱ्या वेळी तर आम्ही रोज असतो. पारा 43, 44. बातमीदार भर दुपारी रस्त्यात उभा राहून एखाद्या आजीला विचारतो, "गरम होतंय का?" आजी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघते. जळगाव, अकोला, चंद्रपूर यांच्या यादीत आमचा नंबर खाली गेला की वडील खरोखर नाराज होतात. एवढं सोसायचं आणि वर चौथा नंबर.

मालिकांचं तर विचारूच नका. कोल्हापूरला राणादा मिळाला, साताऱ्याला फौजी मिळाला, कोकणाला अण्णा नाईक मिळाले, नागपूरच्या राधिकेने मसाले विकून मुंबई गाजवली. सिनेमाने आमची थोडी लाज राखली. करमाळ्याकडच्या नागराज मंजुळेंनी 'सैराट' काढला, आणि त्याची सुरुवातही गावच्या क्रिकेट सामन्यानेच होते. पण करमाळा शहरापासून लांब, आणि सिनेमा तीन तासांत संपतो. आईला रोज साडेसातला लागेल असं सोलापूर हवंय.

मालिकावाल्यांनी हे मनावर घ्यावं. कथा तयार आहे. नायिका घरी तेलुगू, शाळेत मराठी, आजोळी कन्नड बोलते, त्यामुळे सासूला टोमणा नेमका कळत नाही आणि मालिका आपोआप हजार भाग चालते. नायक सासऱ्यांनाही 'बे' म्हणतो, तिथं पहिलं वादळ. खलनायकाला विष कालवायची गरज नाही, त्याची चावीवाल्याशी ओळख असली की पुरे. मी सल्लागार म्हणून फुकट येतो. अभ्यासाचं मी घरी बघून घेईन. फक्त दोन अटी आहेत. चित्रीकरण मे महिन्यात ठेवू नका, नायिकेचा मेकअप पहिल्या वाक्याला उतरेल. आणि गर्दीचं दृश्य असेल तर आधी आमचा पाण्याचा वार विचारून घ्या, त्या दिवशी पूर्व भागातून एकही माणूस मिळणार नाही.